दोन मागचं उत्तर

रविवार, ६ जानेवारी २००२

आलो एकदाचे रायपूरला. वर्ध्याहून निघताना वाटत होतं, या वयात बिऱ्हाड हलवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण बूढ़ापाऱ्यातली ही जागा पाहिली आणि जीव थाऱ्यावर आला. दोन खोल्या, मागे मोरी, वर गच्ची, गच्चीवरून तलाव दिसतो. घरमालकीण कांताबाई खाली एकटी राहते, पांढऱ्या केसांची आणि खणखणीत आवाजाची. सरला तिच्याशी मराठीत बोलते, ती सरलाला हिंदीत उत्तर देते आणि दोघींचं झकास चाललं आहे. तासाभरात भाजी कुठं चांगली, गॅसचा नंबर कसा लावायचा, गल्लीतल्या कुठल्या सुनेचं सासूशी पटत नाही, हे सगळं सरलाला ठाऊक झालं. मला अजून आमच्या दाराचा नंबरही पाठ नाही.

नवी वही आहे म्हणून रीतसर लिहितो. मी मारोती गजभिये, वय एक्कावन्न. बावीस वर्षं एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलं येईनाशी झाली, विभाग बंद पडला, मी घरी बसलो. मुलगी पिंकी गोंदियाला तिच्या संसारात आहे. आता नवं राज्य झालं, नवी राजधानी झाली, तर म्हटलं आपलंही काही नवं होतं का पाहू. पंडरीत ड्रायव्हरांच्या चाचणीचं एक खाजगी केंद्र आहे, तिथं ऑपरेटर म्हणून लागलो.

आधी बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लावली, मग शेगडी जोडली. जेवताना सरला म्हणाली, "आता इथून मले हलवू नका. पाय दुखून राहिले माह्ये." मी कबूल केलं. तिच्यापुढे कबूल करण्यावाचून गत्यंतर नसतं. माझं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं. सव्वीस वर्षांत मी एकही वाद जिंकलेलो नाही.

मंगळवार, ८ जानेवारी

केंद्र कापडाच्या एका गोदामावर आहे. जिना चढला की नव्या कापडाच्या खळीचा वास येतो. संचालक शेखर धांडे, नागपूरचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, सभ्य माणूस. सांगत होते की नव्या सरकारी खात्यांना गाड्या आल्या, गाड्यांना ड्रायव्हर हवेत, आणि ड्रायव्हर नुसता गाडी चालवणारा नको, डोकं जागेवर असलेला हवा.

डोकं जागेवर आहे की नाही हे एक लाकडी पेटी ठरवते. साहेबांनी ती कुठल्याशा लिलावात घेतली. समोर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. कानाला हेडफोन, त्यात दोन आवाज, एक जाड, एक बारीक. हाताशी एक बटन. दर अडीच सेकंदांनी एक खूण येते, कधी दिवा, कधी आवाज. आताची खूण दोन खुणांमागच्या खुणेसारखी असेल तर बटन दाबायचं. म्हणजे लाल, जाड, लाल, की दाबा. अशा शंभर खुणा. सव्वाचार मिनिटांत खेळ खलास, आणि पेटी एक कागद बाहेर टाकते. बरोबर किती, चूक किती, आणि बटन दाबायला सेकंदाचे किती हजारावे भाग लागले. साहेब याला कार्यकारी स्मृती म्हणतात. मी ड्रायव्हरांना सांगतो, तुझ्या डोक्यातल्या ताटात एका वेळी किती वाट्या मावतात ते पाहायचंय. त्यांना ते पटकन समजतं. गंमत म्हणजे आवाजाला माणूस दिव्यापेक्षा नेहमीच लवकर दाबतो. कान डोळ्यांपेक्षा चपळ असतात.

भिंतीवर दोन नियम लाल अक्षरात आहेत. शंभर खुणा पूर्ण झाल्या नाहीत तर कागद रद्द, तो धरायचा नाही. आणि रोज पहिल्या ड्रायव्हरच्या आधी ऑपरेटरनं स्वतः बसायचं. त्या आकड्याला प्रमाण म्हणतात. तोच माणूस, तीच वेळ, तोच आकडा आला, की पेटी ठीक आहे असं समजायचं. आकडा चाळीसहून जास्त इकडे-तिकडे झाला तर त्या दिवशीच्या चाचण्या बंद.

माझ्या आधी लहानू मेश्राम म्हणून ऑपरेटर होते. वर्षापूर्वी प्रकृतीमुळे सोडलं, भिलाईला मुलाकडे असतात. तेव्हापासून पेटी बंदच होती.

शनिवार, १२ जानेवारी

दमलो. प्रमाणाचा आकडा काही जुळत नाही. सोमवारी तीनशे दहा, बुधवारी चारशे वीस, आज तीनशे नव्वद. पेटीचा दोष नाही, माझाच आहे. सकाळी आठला केंद्र उघडायचं, झाडायचं, कागद लावायचे, आणि दहाला त्या खुर्चीत बसलं की डोळे मिटायला लागतात. लाल आधी होता की जाड आधी होता, काही सुधरत नाही. शंभरात तीस चुका.

या आठवड्यात दोन दिवस रद्द झाले. जशपूरहून आलेला एक ड्रायव्हर अर्धा तास दारात उभा राहिला आणि मग गेला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. साहेब एवढंच म्हणाले की गजभियेजी, झोप घेत जा. झोप काय दुकानात मिळते?

बुधवार, १६ जानेवारी

आज एक लबाडी केली, लिहून ठेवतो. सरला दहाला डबा घेऊन आली. टेंपोतून उतरून जिना चढून आली तरी धाप नाही. मी तिला म्हटलं, जरा बस या खुर्चीत, गंमत दाखवतो. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली की समजलं, मी काही ढ नाही. शंभरात एकही चूक नाही. आवाजाला एकशे नव्वद, दिव्याला दोनशे तीस. असा कागद मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

तो कागद मी माझ्या नावावर लावला. आधीचे माझे फाडून टाकले. तिचे आकडे रोज सारखे येणार हे कोणालाही दिसलं असतं. पेटी तपासायची आहे, मला थोडीच तपासायचं आहे. सरलाला म्हटलं, रोज डबा आणतेसच, चार मिनिटं बसत जा. तिला आनंदच झाला. पोट्टी असताना शाळा सुटली होती तिची, परीक्षेत पहिली यायचं राहिलं होतं, म्हणाली.

गुरुवार, २४ जानेवारी

आठवडाभर एकही दिवस रद्द नाही. साहेब खूश, मी बरा. सरला रोज शंभरात शंभर. कांताबाईला सांगते की मी ऑफिसात जाते.

मी मात्र घरी आलो की पडतो. या शहरात सगळ्यांना घाई आहे. सगळीकडे खोदकाम, नव्या पाट्या, नव्या गाड्या. नव्या राज्याच्या उत्साहानं माझंच अंग दुखतं.

मंगळवार, २९ जानेवारी

सरलाचं काहीतरी बिघडलं आहे. आधी वाटलं चेष्टा करते. संध्याकाळी मी विचारलं, पिंकीचा फोन आला का. ती म्हणाली, मेथी. मी म्हटलं, मेथी काय? ती म्हणाली, गच्चीवर वाळत घातला. मग ध्यानात आलं. पिंकीच्या आधी मी टॉवेल कुठं आहे म्हणून विचारलं होतं आणि त्याच्या आधी, भाजी कोणती. ती मला दोन प्रश्न मागची उत्तरं देत होती.

मी जोरात हसलो. म्हटलं, अगं घरी तरी खेळ सोड. ती हसली नाही. जेवण झाल्यावर, मी कपडे घड्या करत असताना हसली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आता प्रश्न मोजून उपयोग नाही, वेळ मोजावी लागते. सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी विचारलं, चहा घेतेस का. सात दहाला म्हणाली, अर्धा कप. चार वेळा तपासलं, चारही वेळा आठ मिनिटं. बायकोवर घड्याळ लावून बसलो होतो.

कामं ती करते. सवयीचे हात आहेत, ते चालतात. हात धरला की सोबत येते. उत्तर तेवढं उशिरा येतं, हसू उशिरा येतं, दचकणं उशिरा येतं.

केंद्रात खुर्चीत मात्र शंभरात शंभर, एकशे अठ्ठ्याऐंशी. तिथं ती अगदी वेळेवर असते. म्हणून मला वाटतं की बसवत राहिलं पाहिजे, त्यानंच ताळ्यावर येईल.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आलं नाही. वाढलं. परवा सोळा मिनिटं, काल अर्धा तास, आज तास उलटून गेला. रोज खुर्चीतून उठली की दुप्पट.

तरी उद्या नेणार आहे. प्रमाणाशिवाय दिवस रद्द होईल आणि बलरामपूरचे नऊजण यायचे आहेत. हे कारण मी साहेबांना नव्हे, स्वतःला सांगतो आहे.

रविवार, १० फेब्रुवारी

अकराला सरला पोळ्या करत होती. तिचा तळहात तव्यावर टेकला. मी पाहिलं, धावलो आणि हात ओढून काढला. ती शांत होती. हातावर काही नाही, लालसुद्धा नाही. गार पाण्यात धरला तरी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

एक वाजून आठ मिनिटांनी, आम्ही जेवत असताना, ती किंचाळली. ताट उलटलं. हात झटकत उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत तळहातावर फोड आला, भाताच्या शिताएवढा, मग बोराएवढा. खालून कांताबाई धावत आली. क्या हुआ बहन, क्या हुआ, म्हणून विचारू लागली. तिला मी काय सांगणार? म्हणालो, आत्ताच भाजलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

आज खुर्चीत ती बोलली. हेडफोन लावला, दिवे सुरू झाले, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही इतके काहून सुकले?" दोन आठवड्यांत वेळेवर आलेलं हे पहिलं वाक्य. मला रडू आलं. ती एकीकडे बटन दाबत होती, एकही चूक न करता, आणि एकीकडे बोलत होती. म्हणाली की खुर्चीतून उठलं की तुमचं बोलणं तलावाच्या पलीकडून आल्यासारखं येतं, आणि रोज तलाव मोठा होऊन राहिला आहे. म्हणाली, मले आता बसवू नका.

शंभर खुणा संपल्या. तिचे डोळे माझ्यावरून सरकले आणि खिडकीवर थांबले.

बुधवार, १३ फेब्रुवारी

बसवलं. काल आणि आजही. दिवसातली चार मिनिटं बायको भेटते, ती सोडवत नाहीत. तिनं दोन्ही दिवस तेच सांगितलं, नका बसवू. मी हो म्हटलं. मी तिला आयुष्यभर हो म्हणत आलो आहे, पण आता ते खोटं आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

काल सकाळी खुर्चीतून उठल्यावर विचारलेल्याचं उत्तर आज रात्री यायला हवं होतं. ते आज सकाळी पुन्हा बसवल्यामुळे पुढं ढकललं गेलं. म्हणजे नुसतं पुढचंच नाही, वाटेत असलेलंही लांबतं. आता तीन दिवसांचं अंतर आहे. उद्या बसवलं तर पाच दिवस आणि साडेसोळा तास होतील, मी हिशेब केला.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बसवलं. तिनं एकच वाक्य म्हटलं, "तुम्ही ऐकूनच नाही राहिले." आता गप्प आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी

आज भिलाईला गेलो, लहानू मेश्रामांकडे. त्यांची सून वनमाला, पंचविशीतली. म्हणाली, आप अंदर आइए अंकल, बाबूजी को सुनाई नहीं देता. लहानूजी ओसरीत खुर्चीवर बसलेले, स्वच्छ धोतर, नीट भांग. मी जय भीम केला. त्यांनी पाहिलंही नाही.

वनमाला सांगत होती. बाबूजींना पेटीचा फार अभिमान. महिन्याभरात एकदाही चुकलो नाही, म्हणायचे. मला तेव्हाच कळलं. चुकणाऱ्याला ती पेटी धरत नाही. मी पहिल्या आठवड्यात वाचलो तो माझ्या झोपेमुळे, आणि ड्रायव्हर एकदाच बसतात. निघताना तिनं आवाज खाली करून विचारलं की हा कसला आजार असेल. सासूबाई गेल्या त्याला चौदा महिने झाले. त्या दिवशी बाबूजी कोरडे होते, सगळ्यांनी नावं ठेवली. आणि गेल्या सोमवारी सकाळी अचानक छाती बडवून रडायला लागले, शेजारचे जमले. पेटी सोडून वर्ष झालं तरी अंतर कमी झालेलं नाही.

परत येताना गाडीत जागा होती तरी उभाच राहिलो. बसवेना.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आता बसवणार नाही. प्रमाणाला मीच बसलो. पंचेचाळीस चुका. दिवस रद्द. साहेबांनी कागदाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांनी बोलली तरी चालेल, घरात आहे ना, असं मनाशी ठरवलं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

सावकाश लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी ती पुन्हा बोलू लागली, मागच्या बुधवारची उत्तरं. म्हणून आशेनं संध्याकाळी सदर बाजारातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अशक्तपणा आहे म्हटलं, टॉनिक दिलं. सहाच्या सुमारास बाहेर पडलो. मी तिचा हात धरला होता. तिला विचारलं, पाय दुखतात का, रिक्षा करू का. थोडं पुढं गेल्यावर काकणांचं दुकान दिसलं, म्हटलं, बांगड्या घ्यायच्या का. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही विचारतो. सव्वीस वर्षांची सवय आहे. मग तिच्या चपलेचा पट्टा सुटलेला दिसला. म्हटलं, थांब, मी लावतो. वाकण्यासाठी मी तिचा हात सोडला.

एक मेटाडोर मागे येत होती. लोक ओरडले, हॉर्न वाजले, सगळे बाजूला झाले. ती झाली नाही. मागचं चाक तिच्यावरून गेलं. छातीवरून. मी पाहिलं, माझ्यापासून दोन हातांवर.

लोकांनी मेटाडोर पुढं ढकलली. सरला उठली. मी हात धरला तशी उठली आणि उभी राहिली. साडीवर काळा पट्टा होता. अंगावर ओरखडा नाही. ड्रायव्हर रडत होता. कोणी म्हणालं, महामाया ने बचा लिया. समोरच्या सराफाच्या घड्याळात सहा दहा झाले होते.

कांताबाईनं देवीला नारळ फोडला, गल्लीत वाटला. सगळ्यांनी सरलाच्या हातात खोबरं ठेवलं. मी तव्यावरचा हात विसरलेलो नाही.

सहा दहा. पाच दिवस, साडेसोळा तास आणि वर दोन मिनिटं. सोमवार सकाळ, दहा बेचाळीस.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दुसऱ्या डॉक्टरांनी फोटो काढला. सगळी हाडं जागेवर. म्हणाले, नशीबवान आहात. त्यांना सांगितलं तर मलाच दाखल करतील.

पिंकीला फोन केला. म्हटलं, येऊन जा. तिनं विचारलं, काहून बाबा, काय झालं. मी म्हटलं, आईला पाहून जा. ती शनिवारी येते.

एकच उपाय आहे. बसवायचं. शंभर खुणा, आणि पाच दिवसांचे अकरा होतील. मग बावीस. मग दीड महिना. दर वेळी पुढं ढकलत राहायचं. पण मग ती मला कधीच —

शनिवार, २३ फेब्रुवारी

पिंकी आली. आईला मिठी मारली, आई, आई म्हणाली. सरला भिंतीकडे पाहून रविवारचं काहीतरी बोलली, टॉनिकच्याही आधीचं. पिंकी मोरीत जाऊन रडली. मला म्हणाली, आई असं काहून करून राहिली, माझ्यावर रागावली का. आज मिठी मारलेली तिला शुक्रवारी कळेल. शुक्रवार असेल तर.

रविवार, २४ फेब्रुवारी

केंद्र बंद असतं, किल्ली माझ्याकडे आहे. पिंकीला घरी ठेवून सरलाला नेलं. हेडफोन लावला. पहिला दिवा लागला आणि तिनं माझा चेहरा पाहून ओळखलं, काहीतरी झालं आहे.

सगळं सांगितलं. भरभर, खुणा मोजत. चाक, सहा दहा, उद्याचे दहा बेचाळीस. आणि शंभर पूर्ण केल्या तर अकरा दिवस, पुढं बावीस, पुढं वर्ष, पुढं कितीही. तू राहशील, म्हटलं. घरात राहशील.

ती बटन दाबत राहिली. चाळिसाव्या खुणेला विचारलं, पिंकी आली का. हो म्हटलं, तिला वाटतं तू रागावलीस. तिनं सांगितलं, तिले सांगा मी रागावली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही आज बोलसान अन् मी म्हातारी होऊन हव म्हणन. असं कोणाच्या घरात राहते का कोणी?"

एकसष्टाव्या खुणेला तिनं बटन सोडलं. माझ्या गालाला हात लावला, फोडाचा हात. मी म्हटलं, सरला, आणखी एकोणचाळीस, दीड मिनिट फक्त. तिनं हेडफोन काढून पेटीवर ठेवला.

अर्धवट कागद. रद्द.

मी पुन्हा लावू शकलो असतो. आता ती पाच दिवस मागे आहे, धरून बसवली तर बसेल, नकार द्यायला तिला शनिवार लागेल. हेडफोन हातात घेऊन उभाही राहिलो. पण या महिन्यात तिनं वेळेवर दिलेला एकही नकार मी ऐकलेला नाही. हाही ऐकला नाही, तर मग —

घरी आणलं. पिंकीला निरोप सांगितला. बाकी काही सांगितलं नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दहा वाजले. पिंकीला कांताबाईसोबत बाजारात पाठवलं. तिनं हे पाहू नये.

खाटेवर बसलो आहोत. डाव्या हातात तिचा हात आहे. उजव्या हातानं लिहितो, लिहिलं नाही तर उचलून पंडरीला पळेन. नऊपासून माझे पाय दोनदा जिन्यापर्यंत गेले. आता पोचणारही नाही.

१०.३१. "नाही दुखत पाय. चालतच जाऊ, तेवढंच सोबत होते." रिक्षाचं.

१०.३६. "बांगड्या कायले. तुमच्यासाठी स्वेटर पाहा." हसली. मंगळवारी हसली होती ती, आणि मला वाटलं काही कळत नाही तिला. सगळं कळत होतं. फक्त माझ्यापर्यंत —

१०.३९. हात गरम आहे. नाडी चांगली आहे. कदाचित —

१०.४१. "राहू द्या, पट्टा मी लावते. तुम्ही वाकू नका, कंबर धरते तुमची. हात नका सो

नाही सोडला. सरला, आता धरला आहे, हा बघ —

तिनं वर पाहिलं. माझ्या खांद्यावरून मागे. तिची बोटं माझ्या बोटांत एकदम